वारा, वजावट आणि गरुड

बे एरियातून योसेमिटीकडे निघालेली मराठी कुटुंबे बहुधा वाटेत लिव्हरमोरच्या शिव-विष्णू मंदिरात थांबतात. लिव्हरमोर मागे पडले की ५८० क्रमांकाचा हायवे आल्टामाँटच्या खिंडीत शिरतो आणि दोन्ही अंगांच्या उघड्या, गवताळ टेकड्यांवर पवनचक्क्या दिसू लागतात. 'अगदी आपल्या साताऱ्याच्या चाळकेवाडीसारखे!' असे गाडीत कोणी ना कोणी म्हणतेच. पण हे साम्य नुसते दिसण्यापुरते नाही. दोन्ही ठिकाणी पवनचक्क्या आल्या त्या जितक्या वाऱ्यामुळे, तितक्याच प्राप्तिकराच्या कायद्यामुळे.

आल्टामाँटचा वारा तसा शिस्तीचा. उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाची सेंट्रल व्हॅली तापते, तिथली हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला पॅसिफिकवरची गार हवा या खिंडीतून आत धावते. तापलेली जमीन समुद्रावरचा वारा ओढून घेते. आपला मोसमी वारा सह्याद्रीवर चढतो त्यामागेही हेच कारण. वारा पूर्वापार होता, पवनचक्क्यांची गर्दी मात्र झाली १९८१ ते १९८५ या पाच वर्षांत. १९७३च्या तेलसंकटाने अमेरिका हादरली होती. १९७८च्या 'पर्पा' कायद्याने वीजकंपन्यांना छोट्या स्वतंत्र उत्पादकांची वीज विकत घेणे भाग पाडले. त्यावर करसवलती आल्या: केंद्राच्या मिळून २५ टक्के आणि कॅलिफोर्निया राज्याची २५ टक्क्यांपर्यंत. म्हणजे पवनचक्कीची जवळजवळ निम्मी किंमत करातूनच वसूल.

गोम इथेच होती. सवलत मिळे ती यंत्राच्या किमतीवर, त्याने तयार केलेल्या विजेवर नव्हे. डिसेंबर संपायच्या आत यंत्र उभे राहिले की ज्याला कर वाचवायचा होता त्याचे काम झाले. मग पुरेशी चाचणी न झालेली यंत्रे घाईघाईने उभी राहिली. कित्येकांची पाती तुटली, गिअरबॉक्स निकामी झाले. त्या मानाने शेतीची अवजारे बनवणाऱ्या डॅनिश कारखान्यांची जड, दणकट यंत्रे बरी टिकली. १९८५अखेर केंद्राची खास सवलत संपली आणि लाट ओसरली. पुढच्याच वर्षी डेन्मार्कच्या व्हेस्टासवर दिवाळखोरीची पाळी आली. तरीही त्या पाच वर्षांना नुसती लूट म्हणणे अन्यायाचे होईल. तेव्हा जगातली बहुतांश पवनवीज कॅलिफोर्नियात तयार होत होती, आणि हजारो पवनचक्क्या ग्रिडला जोडून चालवता येतात हे जगाने तिथेच पाहिले.

या घाईची किंमत पक्ष्यांनीही मोजली. आल्टामाँटच्या टेकड्यांवर जमिनीत बिळे करून राहणाऱ्या खारी भरपूर, म्हणून सोनेरी गरुडही भरपूर. भक्ष्यावर खिळलेली त्यांची नजर समोरून फिरत येणारे पाते टिपत नाही. कॅलिफोर्नियाच्या ऊर्जा आयोगासाठी केलेल्या आणि २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज होता की तिथे दर वर्षी ७५ ते ११६ सोनेरी गरुड मरतात. मांजरे आणि काचेच्या इमारती याहून कितीतरी जास्त पक्षी मारतात, हे उत्तर खरेच आहे. पण मांजर गरुड मारत नाही. गरुड सावकाश वाढतो, पिल्ले मोजकीच देतो, त्याची भर लवकर निघत नाही. पुढे कोर्टकज्जे झाले, तडजोड झाली आणि जुनी यंत्रे काढून मोजकी मोठी यंत्रे जागा पारखून बसवायला सुरुवात झाली. १०० किलोवॅटच्या अठरा जुन्या यंत्रांची क्षमता १.८ मेगावॅटच्या एकाच नव्या यंत्रात मावते.

कायद्यानेही धडा घेतला. १९९२पासून अमेरिकेत तयार झालेल्या विजेवर, सुरुवातीला युनिटला दीड सेंट, अशी सवलत सुरू झाली. आता वीज निघाली तरच पैसा. पण ही सवलत दर एक-दोन वर्षांनी संपायची आणि पुन्हा मिळायची. म्हणून २०१२मध्ये देशात सुमारे १३,००० मेगावॅटची नवी क्षमता उभी राहिली, तर २०१३मध्ये जेमतेम १,१००. वारा काही त्या वर्षी पडला नव्हता.

महाराष्ट्रात हाच प्रयोग थोड्या उशिराने झाला. १९९०च्या दशकात पवनचक्कीच्या पूर्ण किमतीवर पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा दाखवता येई. दशकाच्या अखेरीपासून पाटण तालुक्यातले वनकुसवडे आणि साताऱ्याजवळची चाळकेवाडी यांची पठारे पवनचक्क्यांनी भरून गेली. गुंतवणूक करणाऱ्यांत वीजकंपन्यांपेक्षा नफ्यावरचा कर वाचवू पाहणाऱ्या इतर धंद्यांतल्या कंपन्या पुष्कळ होत्या. २००९मध्ये केंद्राने युनिटमागे ५० पैसे देण्याची पर्यायी योजना आणली, तरी घसाऱ्याची ओढ सुटली नाही. २०१२मध्ये ती सवलत काढताच देशातली वर्षाची भर सुमारे ३,२०० मेगावॅटवरून १,७००वर घसरली. कॅलिफोर्नियाचे १९८५ आपण सत्तावीस वर्षांनी गिरवले.

पठारावरच्या माणसांना या हिशेबात फारशी जागा नव्हती. दुष्काळी वर्षांत 'पवनचक्क्या ढग पळवतात' अशी तक्रार गावोगाव झाली. शास्त्र म्हणून ती टिकत नाही. पण डोंगर आपला, वारा आपला आणि वजावट मात्र दूरच्या शहरातल्या कुणाची, ही तिच्यामागची जखम खरी होती.

निसर्गाचा हिशेब तर फार उशिरा मांडला गेला. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी चाळकेवाडीच्या पठारावर केलेला अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आढळले. त्यामुळे गळ्याखाली रंगीत पंखा फुलवणारे तिथले सरडे वाढले. ते माणसाला कमी घाबरू लागले आणि त्यांचे रंग फिके पडले. म्हणजे पाते थेट कुणाला लागले नाही, तरी डोंगरावरची सारी उतरंड हलते.

मग पवनचक्क्या नकोत का? या इतिहासातून तसा निष्कर्ष निघत नाही. त्यांना कोळसा लागत नाही, धूर नाही, औष्णिक केंद्रासारखे थंड करायला नदीचे पाणी नाही. आयोवा राज्यात आज निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून होते. मनोऱ्याच्या पायथ्यापर्यंत मका पिकतो आणि जमीनमालकाला दर वर्षी भाडे मिळते. वारा लहरी असतो, त्यासाठी साठवण आणि लांब वाहिन्या लागतात, हेही तितकेच खरे. पण आल्टामाँट आणि सातारा इथे जे बिघडले त्याचा दोष वाऱ्यावर टाकता येणार नाही. ज्या गोष्टीवर पैसा मिळत होता ती भरभरून वाढली: आधी उभे केलेले लोखंड, मग युनिटे. गरुड, सरडा आणि शेजारचे गाव कुणाच्याच वहीत नव्हते.

साताऱ्यातल्या पहिल्या यंत्रांचे आयुष्य आता सरत आले आहे आणि जुन्या जागी मोठी यंत्रे बसवण्याचे केंद्राचे धोरणही आले आहे. आल्टामाँटला ही दुसरी संधी मिळाली तेव्हा निदान गरुडांच्या वाटा पाहून जागा ठरू लागल्या. चाळकेवाडीत कुठला उतार मोकळा ठेवायचा आणि ग्रामपंचायतीचा वाटा किती, हे नवे मनोरे चढण्याआधी ठरायला हवे. एकदा यंत्र उभे राहिले की पुढची वीस-पंचवीस वर्षे ते ठरवता येत नाही.