संत जोसेफ वाझ कोण होते? गोव्याचे अनवाणी धर्मगुरू आणि त्यांची श्रीलंकेतील २४ वर्षे

गोव्यातील कॅथलिक संत म्हटले की बहुतेकांना जुन्या गोव्यातील सेंट फ्रान्सिस झेवियर आठवतात. झेवियर स्पेनहून आले होते. मात्र गोव्याच्याच मातीत जन्मलेला एक धर्मगुरू पुढे संत झाला, हे अनेकांना ठाऊक नसते. त्यांचे नाव जोसेफ वाझ. त्यांना 'श्रीलंकेचे प्रेषित' म्हणतात. भिकाऱ्याच्या वेषात ते परक्या मुलखात शिरले, आजारी पडून रस्त्याकडेला राहिले, हेर समजून कैद झाले. पण त्याआधी गोव्यात त्यांनी एक काम केले होते, आणि त्याच कामामुळे त्यांचे श्रीलंकेतील कष्ट वाया गेले नाहीत.

थोडक्यात माहिती

• जन्म : २१ एप्रिल १६५१, बाणावली, गोवा
• मूळ घर : सांकवाळ, गोवा
• धर्मगुरू झाले : १६७६
• गोव्यातील ओरेटरी संघाचे प्रमुख : १६८५
• श्रीलंकेत प्रवेश : १६८७
• निधन : १६ जानेवारी १७११, कँडी, श्रीलंका
• संतपद : १४ जानेवारी २०१५

बालपण आणि शिक्षण

वाझ यांचा जन्म आईच्या माहेरी, बाणावलीला झाला. वडील सांकवाळचे. घराणे मूळचे ब्राह्मण, पण पोर्तुगीज राजवटीत ख्रिस्ती झालेले. काळ लक्षात यावा म्हणून सांगायचे तर, देहूच्या तुकोबांचे निर्वाण आणि वाझ यांचा जन्म यांत जेमतेम वर्ष-दोन वर्षांचे अंतर आहे.

पोर्तुगीज आणि लॅटिन शिकून पुढे त्यांनी जुन्या गोव्यात तत्त्वज्ञान व धर्मशास्त्राचा अभ्यास केला. १६७६ मध्ये ते धर्मगुरू झाले आणि गोरगरिबांसारखे अनवाणी चालू लागले. भवानीनगर-सणसरवरून दरवर्षी तुकोबांची पालखी जाताना पाहणाऱ्यांना अनवाणी चालण्यामागची भावना वेगळी समजावून सांगायला नको. पण त्या काळच्या गोव्यात धर्मगुरूला मोठा मान होता. तो बाजूला ठेवून असे राहणे साधे नव्हते.

५ ऑगस्ट १६७७ रोजी त्यांनी एक दासपत्र लिहिले. येशूची आई मारिया हिचा आपण कायमचा दास आहोत, असे त्यात त्यांनी लिहून दिले. प्रार्थनेत आणि ध्यानात ते तासन्‌तास घालवत. आयुष्यभर त्यांना बळ मिळाले ते यातूनच.

कानडा मुलखातील काम

१६८१ मध्ये त्यांना मंगळूर, बसरूर, कुंदापूर या भागात, म्हणजे तेव्हाच्या कानडा प्रांतात पाठवण्यात आले. तिथे एक जुना वाद पेटलेला होता. धर्मगुरू नेमण्याचा हक्क पोर्तुगालच्या राजाचा की थेट रोमच्या पोपचा, यावरून दोन गट पडले होते आणि सामान्य ख्रिस्ती माणूस मधल्या मध्ये भरडला जात होता. वाझ यांनी भांडणात तेल ओतले नाही. पडलेली चर्चे उभी केली, मुलांसाठी शाळा काढल्या आणि १६८४ मध्ये ते गोव्यात परतले.

याच दरम्यान, १६८३ च्या अखेरीस, छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजा गोव्यात बारदेश आणि साष्टीपर्यंत पोहोचल्या होत्या. सांकवाळ तेव्हा साष्टीतच मोडत असे. म्हणजे वाझ परतले तेव्हा गोवा नुकताच मोठ्या धक्क्यातून जात होता.

गोव्यातील सुधारणा नेमकी काय होती?

त्या काळी गोव्यात फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट असे मोठे युरोपीय धर्मसंघ होते. गोव्यातले तरुण धर्मगुरू होऊ शकत, पण यांपैकी बहुतेक संघांची दारे त्यांना बंद होती. कारण एकच, ते युरोपीय नव्हते. त्यामुळे स्थानिक धर्मगुरू विखुरलेले असत. त्यांना संघाचे शिक्षण, शिस्त किंवा आधार मिळत नसे.

जुन्या गोव्यातील एका टेकडीवर 'चमत्कारांचा पवित्र क्रूस' या नावाचे चर्च होते. तिथे काही गोमंतकीय धर्मगुरू एकत्र राहू लागले होते. वाझ त्यांना जाऊन मिळाले आणि १६८५ मध्ये त्यांची प्रमुख म्हणून निवड झाली. त्यांनी या घराला नियम दिले. एकत्र प्रार्थना, साधे राहणे, अभ्यास आणि गावोगाव सेवा असा दिनक्रम ठरला. यासाठी रोमच्या संत फिलिप नेरी यांच्या ओरेटरीचा नमुना घेतला गेला.

ओरेटरी म्हणजे काटेकोर अर्थाने मठ नव्हे. मठातील साधू आयुष्यभराची व्रते घेतात. ओरेटरीतले धर्मगुरू अशी व्रते न घेता, प्रेमाने आणि शिस्तीने एकत्र राहतात. ज्यांना दुसऱ्यांच्या संघात जागा नव्हती, त्यांना अशा रीतीने स्वतःचा संघ मिळाला.

भिकाऱ्याच्या वेषात श्रीलंकेत

श्रीलंकेची किनारपट्टी डचांनी पोर्तुगीजांकडून जिंकून घेतली होती. १६५८ मध्ये जाफनाही त्यांच्या हाती गेले. डच प्रोटेस्टंट होते. त्यांनी कॅथलिक धर्मगुरूंना बंदी घातली. जवळजवळ ३० वर्षे तिथल्या कॅथलिकांना मिस्सा नाही, धर्मगुरू नाही, अशी अवस्था होती.

वाझ यांनी प्रमुखपद सोडले आणि जॉन नावाच्या घरच्या नोकर मुलाला सोबत घेऊन ते निघाले. तुतुकुडीहून ते होडीत बसले तेव्हा अंगावर मजुराचे कपडे होते. १६८७ मध्ये ते जाफन्याला पोहोचले, ते भुकेने आणि अतिसाराने खंगून. दोघेही रस्त्याकडेला पडून होते आणि लोकांनी दिलेल्या पेजेवर वाचले.

बरे झाल्यावर ते दारोदार भीक मागू लागले. गळ्यात रोझरी, म्हणजे जपमाळ, उघड दिसेल अशी घातलेली. ती पाहून कोण दचकते, कोणाचे डोळे पाणावतात, यावरून ते लपून राहिलेले कॅथलिक ओळखत. पुढे सिल्लालै गावात राहून ते रात्री गुपचूप मिस्सा करू लागले.

१६८९ च्या नाताळात डचांनी छापा घातला. वाझ निसटले, पण सुमारे २०० कॅथलिक पकडले गेले. त्यांच्या पुढाऱ्यांना कठोर शिक्षा झाल्या. मार खाऊन एकाचा जीवही गेला.

कँडीतील कैद आणि देवीची साथ

बेटाच्या मधल्या भागात कँडीचे स्वतंत्र बौद्ध राज्य होते. वाझ १६९२ मध्ये तिथे गेले. तेव्हा एका युरोपीय माणसाने, हा पोर्तुगीजांचा हेर आहे, अशी चुगली केली. राजा दुसरा विमलधर्मसूर्य याने त्यांना कैदेत टाकले. वाझ यांनी त्या कैदेत सिंहली भाषा शिकून घेतली.

त्यानंतर दुष्काळ पडला. परंपरा अशी सांगते की राजाच्या विनंतीवरून वाझ यांनी क्रूस उभारून प्रार्थना केली आणि पाऊस आला. ही श्रद्धेची गोष्ट आहे. पण पुढे राजाने त्यांना मोकळीक दिली आणि राज्यात काम करू दिले, हा इतिहास आहे.

१६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. लोक आपल्याच आजारी माणसांना रानात सोडून पळू लागले. वाझ आणि त्यांचे भाचे फादर जोसेफ कार्व्हाल्यो यांनी झोपड्या बांधल्या, आजाऱ्यांना अन्न-पाणी दिले, जखमा धुतल्या आणि मेलेल्यांना मूठमाती दिली. त्यात धर्म पाहिला नाही.

मागे ठेवलेले घर कामी आले

जवळजवळ १० वर्षे वाझ एकटेच होते. त्यानंतर मदत आली ती गोव्यातल्या त्याच ओरेटरीतून. १६९७ पासून तिथले धर्मगुरू एकामागून एक येत राहिले. १७०५ मध्ये दिवाडी बेटावरचे फादर जाकोम गोन्साल्विस आले. त्यांनी सिंहली आणि तमिळ भाषांत विपुल लेखन केले. सिंहली कॅथलिक साहित्याचे जनक म्हणून आजही त्यांना मान आहे.

वाझ यांना बिशप करण्याची बोलणी झाली होती, पण त्यांनी ती नाकारली. १६ जानेवारी १७११ रोजी, वयाच्या ५९ व्या वर्षी, कँडीत त्यांचे निधन झाले. त्यांची कबर नेमकी कुठे आहे, हे काळाच्या ओघात विसरले गेले.

संतपद कधी मिळाले?

पोप जॉन पॉल दुसरे यांनी २१ जानेवारी १९९५ रोजी कोलंबोत वाझ यांना 'धन्यवादित' घोषित केले. संतपदासाठी साधारणपणे आणखी एक चमत्कार सिद्ध व्हावा लागतो. पोप फ्रान्सिस यांनी ती अट शिथिल केली आणि १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोच्याच गॉल फेस मैदानावर त्यांना संत घोषित केले.

गोव्यातील ओरेटरी मात्र आज नाही. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने गोव्यातील पुरुषांचे धर्मसंघ बंद केले, त्यात तीही गेली. पण तोवर जवळजवळ १५० वर्षे हा संघ गोमंतकीयांनीच चालवला होता. तुम्हाला आमच्यात जागा नाही, असे ज्यांना सांगितले गेले, त्यांच्याच माणसांनी एका परक्या देशातील निराधार समाज सांभाळला. दरवर्षी १६ जानेवारीला सांकवाळला भाविक जमतात, ते याच माणसाच्या आठवणीसाठी.