लॅपटॉपवर पास, गाडीत फेल: युनिट टेस्टिंगची गोष्ट

आजची गोष्ट सुरू होते विद्यापीठ चौकात, संध्याकाळी सातच्या सुमारास, लाल सिग्नलला.

काही वर्षांपूर्वी मी हिंजवडीतल्या एका कंपनीत दुचाकीच्या डिस्प्लेचं सॉफ्टवेअर लिहायचो. भाषा सी. त्यात एक साधा आकडा दाखवायचा होता: गाडी थांबून किती सेकंद झाले. टेबलावर बोर्ड ठेवून आम्ही तो तपासला होता. दहा सेकंद, पंधरा सेकंद, सगळं ठीक. मग ट्रायलची गाडी रस्त्यावर आली. सिग्नलला आकडा 63, 64, 65 असा चढला आणि 66 यायच्या ऐवजी आला 0.

टेबलाशी बसून मिनिटभर आकडा बघत कोण बसतं? पुण्यातला सिग्नल मात्र बसवतो.

कारण अगदी बाळबोध होतं. मिलिसेकंद मोजणारं व्हेरिएबल 16 बिटांचं होतं. त्यात जास्तीत जास्त 65,535 मावतात, पुढचा मिलिसेकंद आला की परत शून्य. आमचा फक्त डिस्प्ले चुकला, कुणाला लागलं नाही. पण हीच 16 बिटांची चूक इतिहासात एकदा फार महागात पडलीये.

4 जून 1996. फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियान 5 हे युरोपचं नवं रॉकेट पहिल्यांदा उडालं आणि 40 सेकंदांच्या आत आकाशात फुटलं. रॉकेटची दिशा सांगणाऱ्या यंत्रणेत आडव्या वेगाशी संबंधित एक 64 बिटांची संख्या 16 बिटांत कोंबली जात होती. ती मावली नाही, यंत्रणा बंद पडली. बॅकअप होता, पण त्यातही तोच कोड, म्हणून तोही गेला. खरी गंमत, गंमत म्हणजे वाईट अर्थाने, पुढे आहे. तो कोड चुकीचा नव्हता! एरियान 4 मध्ये तो वर्षानुवर्षं नीट चालला होता. एरियान 5 चा वेग सुरुवातीपासूनच जास्त होता, आणि या नव्या उड्डाणाचे आकडे देऊन ती यंत्रणा कुणी तपासलीच नव्हती. शिवाय कोडचा तो भाग उड्डाणानंतर एरियान 5 ला लागतही नव्हता. नुसताच चालू होता.

म्हणजे कोड तोच, जागा बदलली, उत्तर बदललं. हे वाक्य जरा लक्षात ठेवा.

आता, कोडचा छोटा तुकडा वेगळा काढून तपासायची कल्पना तशी जुनी आहे. पण त्यासाठी तयार लायब्ररी असावी, ही सवय लावली केंट बेकने. त्याने 1994 मध्ये स्मॉलटॉक भाषेसाठी चाचण्यांची एक छोटी चौकट मांडली, एसयुनिट. मग 1997 मध्ये झुरिकहून अटलांटाला जाताना बेक आणि एरिक गामा या दोघांनी विमानातच जावासाठी जेयुनिट लिहायला घेतलं. तिथून ही कल्पना भाषेभाषेत पसरली. मायकेल फेदर्सने ती सी प्लस प्लसमध्ये आणली, सीपीपीयुनिट नावाने.

इथे अडचण आली. जावाचा प्रोग्राम चालू असताना स्वतःकडे बघू शकतो: माझ्यात कोणती फंक्शन्स आहेत, त्यांची नावं काय. जेयुनिटला त्यामुळे चाचण्या आपोआप सापडायच्या. सी किंवा सी प्लस प्लस एकदा कंपाइल झालं की ही माहिती उरत नाही. मग प्रत्येक टेस्ट लिहायची, आणि वर तिचं नाव यादीतही घालायचं. यादीत घालायला विसरलात तर टेस्ट चालतच नाही आणि रिपोर्ट दिसतो हिरवागार. याहून घातक काय असणार?

2008 मध्ये गूगलने आपली गूगल टेस्ट लायब्ररी सगळ्यांसाठी खुली केली. तिची युक्ती मला अजूनही आवडते. तुम्ही टेस्टचा मॅक्रो लिहिला की त्यातून एक ग्लोबल व्हेरिएबल तयार होतं. सी प्लस प्लसमध्ये अशी व्हेरिएबल्स मेन फंक्शनच्या आधीच तयार होतात, आणि तयार होता होता टेस्ट स्वतःचं नाव यादीत घालून घेते. हजेरी आपली आपणच लावायची! 2010 मध्ये फिल नॅशची कॅच आली, तिनेही यादीचा ताप असाच काढून टाकला.

सीची आणखी एक खोड आहे. एका टेस्टमध्ये पॉइंटर भलतीकडे गेला की अख्खा प्रोग्राम कोसळतो आणि मागच्या शंभर टेस्ट राहूनच जातात. सीसाठीची चेक नावाची लायब्ररी म्हणून प्रत्येक टेस्ट वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवते. एक मेली तरी बाकीच्या जगतात.

बरं, आता परत आमच्या डिस्प्लेकडे. त्या सिग्नलनंतर आम्ही गूगल टेस्ट बसवायला घेतली. बसवणं फार अवघड नाही. सीमेकला सांगितलं की तो लायब्ररी स्वतः उतरवून घेतो. तुमच्या टेस्टचा वेगळा प्रोग्राम करायचा, त्याला जीटेस्ट मेन जोडायचं आणि सीटेस्टने चालवायचं. नवखे लोक अडकतात ते दोन ठिकाणी, आम्हीही अडकलो. पहिलं, आमचं फंक्शन आणि मेन एकाच फाइलमध्ये होतं. लायब्ररीचंही मेन असतं, आणि एका प्रोग्रामला मेन एकच असावं लागतं. फंक्शन वेगळ्या फाइलमध्ये काढावं लागलं. दुसरं, आमचा कोड सी आणि टेस्ट सी प्लस प्लस. सी प्लस प्लस फंक्शनची नावं आतून बदलतं, त्यामुळे 'सापडत नाही' असा एरर येतो. हेडर एक्स्टर्न सी मध्ये गुंडाळलं की गाडी पुढे.

मग फंक्शन असं बदललं की ते घड्याळ स्वतः बघणार नाही, वेळ बाहेरून घेईल. सुरुवात 0, आत्ता 66,000 मिलिसेकंद, उत्तर 66 यायला हवं. मिनिटभर थांबायची गरजच नाही. जुन्या, चुकीच्या कोडवर टेस्ट चालवली. लाल यायला हवी होती.

हिरवी आली.

अर्धा दिवस गेला त्यात. आमच्या कोडमध्ये टाइप लिहिला होता नुसता 'अनसाइन्ड इंट'. गाडीतल्या चिपच्या कंपायलरला तो 16 बिटांचा, माझ्या लॅपटॉपच्या कंपायलरला 32 बिटांचा. म्हणून म्हटलं ना, ते वाक्य लक्षात ठेवा. आधी टाइपमध्येच स्पष्ट 16 बिट लिहिले, टेस्ट लाल झाली. मग 32 केले, हिरवी. लाल न बघता हिरव्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे मी तेव्हा शिकलो. आणि त्यानंतर त्याच टेस्ट आठवड्यातून एकदा खऱ्या बोर्डावरही चालवायला लागलो.

पुण्यात हे दुखणं घरोघरी आहे. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं. वर्षभरात बीएस 6 आलं, बहुतेक गाड्यांतून कार्ब्युरेटर गेला आणि साध्या स्कूटरमध्येही फ्युएल इंजेक्शन सांभाळणारा कॉम्प्युटर बसला. हा सगळा कोड मुख्यतः सी. गाड्यांच्या सुरक्षेसाठी 2011 मध्ये आयएसओ 26262 हे मानक आलं होतं. ब्रेकसारख्या सर्वांत जोखमीच्या कोडसाठी ते एमसी/डीसी कव्हरेज सुचवतं. म्हणजे काय? समजा तीन अटी आहेत: ब्रेक दाबलाय, चाक लॉक होतंय, सेन्सर ठीक आहे. प्रत्येक अट एकटी बदलल्यावर निकाल बदलतो, हे दाखवायचं. आठही जोड्या तपासायला नकोत, चारांत भागतं. पण अशा हजारो अटींसाठी नेमके इनपुट हाताने शोधत बसलात तर केस पिकतील.

हेच काम मशीनला द्यायचं, यावर आपल्या हडपसरमध्ये बरंच काम झालंय. फकीरचंद कोहलींच्या पुढाकाराने टीसीएसने 1981 मध्ये पुण्यात टीआरडीडीसी ही संशोधन संस्था सुरू केली. सी प्रोग्रामसाठी चाचणीचे इनपुट आपोआप तयार करण्यावर तिथल्या संशोधकांचा निबंध 2009 चा आहे. पुढे 2019 मध्ये टेस्ट-कॉम्प ही सी प्रोग्रामच्या चाचण्या तयार करणाऱ्या टूल्सची पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. तिच्या एकूण क्रमवारीत पहिलं आलं टीसीएस रिसर्चचं व्हेरिफझ. दुसऱ्या नंबरावर होतं क्ली, ज्याचा जन्म स्टॅनफर्डचा!

पण एक आहे. मशीन तुम्हाला 66,000 हा इनपुट शोधून देईल. त्याचं उत्तर 66 यायला हवं, हे तिला कोण सांगणार? ते सिग्नलला उभ्या राहिलेल्या माणसालाच माहीत.

आणि हो, 32 बिटांचा आमचा काउंटरसुद्धा 49 दिवस 17 तासांनी परत शून्यावर येतो. सुरुवात शून्याच्या जरा अलीकडे, आत्ता शून्याच्या जरा पलीकडे, अशी टेस्ट दुसऱ्या दिवशी लिहिली. तिला चालायला एक मिलिसेकंदही लागत नाही.