खोगीरभरती, मावठ आणि पाठीवरची पिशवी

जयपूरला पोस्टिंग झाली म्हटलं की गावाकडची माणसं पाणी, ऊन आणि वाळू यांची चौकशी करतात. पाठीवरची पिशवी वॉटरप्रूफ हवी का, हे कुणीच विचारत नाही, कारण वाळवंटाच्या उंबरठ्यावर पाऊस कुठला? पण शेखावाटीच्या शेतकऱ्याला विचारा. पौष-माघात पडणाऱ्या पावसाला इथे 'मावठ' म्हणतात. गहू, मोहरी, हरभरा या पिकांना तो अमृतासारखा, म्हणून शेतकरी त्याची वाट बघतो. डोंगरावर चालणाऱ्याला मात्र तो गाठला तर हाल करतो. जानेवारीत जयपूरचं रात्रीचं तापमान सरासरी ८ अंशांच्या आसपास उतरतं. त्यात नाहरगड-जयगडच्या धारेवर वारा, अंगावर भिजलेला कपडा आणि पिशवीतलं स्वेटरही ओलं. अंगातली ऊब जायला बर्फच लागतो असं नाही. पाणी आणि वारा एवढं पुरतं.

म्हणून हिवाळ्यात एका दिवसाच्या डोंगरफेरीला पिशवी कशी असावी, यावर लिहायला बसलो. पण जयपुरात राहून ओझ्याबद्दल लिहायचं तर इतिहास आडवा येतोच.

जयगडावर 'जयवाण' तोफ आहे. १७२० साली सवाई जयसिंगांच्या काळात ती गडावरच्याच कारखान्यात ओतली. वजन सुमारे ५० टन. चाकांवर उभी असलेली जगातली सर्वांत मोठी तोफ म्हणून पर्यटक तिच्यासमोर फोटो काढतात. चाचणीचा एक बार काढला, पुढे लढाईत ती कधी डागलीच नाही, असं गडावर सांगतात. मोठं ओझं बघायला छान दिसतं, पण ते जागचं हलत नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण आपलं, आणि तेही याच वाटेवरचं. मार्च १७३७ मध्ये बाजीराव पेशवे दिल्लीवर अचानक जाऊन धडकले. निघण्यापूर्वी त्यांनी जड सामान बुंदेलखंडात जगतराज यांच्याकडे ठेवलं आणि सडी फौज घेऊन बादशाही सैन्याला बगल दिली. परतीची वाट रेवाडी, कोटपुतळी, मनोहरपूर अशी. आज जयपूर-दिल्ली हायवेवर बसमधून जाताना यातली दोन नावं पाट्यांवर दिसतात. या स्वारीची हकिगत बाजीरावांनी चिमाजीअप्पांना पत्रातून कळवली, ती एप्रिल १७३७ मध्ये जयनगरहून, म्हणजे याच जयपूरहून. त्या दौडीचं श्रेय आपण घोड्यांना आणि धाडसाला देतो. माझ्या मते पहिलं श्रेय मागे ठेवलेल्या सामानाला द्यायला हवं.

आपल्या भाषेनेही हा धडा जपून ठेवला आहे. खोगिराच्या आत चिंध्या, गवत, जे हाताला लागेल ते कोंबायचे, ती खोगीरभरती. फौजेच्या मागे चालणारे बिनलढाऊ लोक ते बुणगे. दोन्ही शब्द छावणीतून घराघरात आले आणि निंदेचे झाले. पानिपतावर तोफा कामाच्या होत्या. पण बायका-मुलं, यात्रेकरू आणि बाजार यांचा पसारा हिवाळ्यात उपाशी फौजेच्या गळ्यात होता. १४ जानेवारी १७६१ चा तो दिवस काय झाला, हे इथे वेगळं सांगायला नको.

वजन जड आणि वरून पाऊस, असं दोन्ही एकत्र आलं की काय होतं, त्याचा नमुना १८०४ चा. कर्नल मॉन्सन कंपनीची फौज घेऊन यशवंतराव होळकरांच्या मागावर मुकुंदरा खिंडीच्या पलीकडे गेला आणि जुलैमध्ये तिथून माघारी फिरला. हाडोतीची काळी माती, पावसाळा, फुगलेले नाले. तोफांची चाकं चिखलात इतकी रुतली की तोफा निकामी करून टाकून द्याव्या लागल्या. चकमकीच्या बंदुकीची दारू भिजली की ती बंदूक म्हणजे नुसती लाकडी काठी. मागे होळकरांचं घोडदळ. कोट्याने फौजेला आत घेतलं नाही. टोंक-रामपुरा, मग ऑगस्टच्या अखेरीस बनास नदी, आणि तिथून मोडकीतोडकी फौज आग्र्याला पोचली. पाऊस दोन्ही बाजूंवर सारखाच पडत होता. फरक इतकाच की एका बाजूला पाण्यात टाकून द्यावं लागेल असं सामान फार होतं.

आता खुद्द जयपूरवाल्यांचं. सवाई माधोसिंग (दुसरे) यांच्या काळात, इंपीरियल सर्व्हिस ट्रूप्सची योजना आली तेव्हा बहुतेक संस्थानांनी घोडदळ किंवा पायदळ उभं केलं. जयपूरने ट्रान्सपोर्ट कोअर उभी केली, म्हणजे तट्टू, गाड्या आणि ओझी वाहणारी माणसं. ही कोअर १८९५ मध्ये चित्रळच्या आणि १८९७-९८ मध्ये तिराहच्या मोहिमेवर गेली. तिराहची हिवाळी माघार पुस्तकात वाचली तरी अंगावर काटा येतो. डिसेंबरात बारा खोऱ्यातून उतरताना गोठवणारं नदीचं पाणी पुन्हा पुन्हा ओलांडायचं, आणि सर्वांत जास्त हाल झाले ते ओझी वाहणाऱ्यांचे. लढणाऱ्यांची नावं दगडावर कोरली जातात, ओझं वाहणाऱ्यांची क्वचितच. एएससीतल्या वाचकांना मी काय म्हणतो ते कळेल.

पहिल्या महायुद्धात हीच जयपूरची कोअर मेसोपोटेमियात होती. तिथेच आपल्या मराठा पलटणीही होत्या. १०३, ११० आणि ११७ तर कुतच्या वेढ्यात अडकलेल्या. त्यांना सोडवायला आलेल्या फौजेने २१ जानेवारी १९१६ ला हन्ना इथे हल्ला केला तो धो-धो पावसात आणि चिखलात, आणि तो फसला. इराकमधला हा हिवाळी पाऊस भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यांचा. तेच वारे पुढे इराण, अफगाणिस्तान ओलांडून आपल्याकडे 'पश्चिमी विक्षोभ' म्हणून पोचतात आणि जयपुरात मावठ पाडतात. म्हणजे हन्नाचा चिखल आणि नाहरगडाची जानेवारीतली निसरडी पायवाट एकाच घराण्यातली.

त्या काळातल्या सैनिकाच्या पाठीवर काय असायचं? ब्रिटिशांनी १९०८ मध्ये कातड्याऐवजी सुती वेबिंगचं सामान आणलं. जुन्या मंडळींना 'ओएट पॅटर्न', बिग पॅक, स्मॉल पॅक आणि ब्लँको आठवेल. कातडं भिजलं की ताणतं आणि वाळलं की कडक होतं, त्यामानाने वेबिंग चांगलंच. पण सूत पाणी पितं. पावसात तोच पिठ्ठू जड होतो आणि वाळायला दिवस घेतो. पाणी अडवण्याची युक्ती तेव्हाही जुनीच होती. चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ मध्ये दोन कापडांमध्ये रबराचा थर घालण्याचं पेटंट घेतलं, त्यातूनच पुढे आपली ग्राउंडशीट आली. ती पाणी अडवायची, पण वजन? ज्याने एफएसएमओमध्ये रूट मार्च केला त्याला विचारा. दुसऱ्या महायुद्धात जंगलासाठी हलकं, लवकर वाळणारं ४४ पॅटर्न तयार झालं. मग नायलॉन आलं आणि सुताचं राज्य संपलं.

एस. एल. ए. मार्शल या अमेरिकन लेखक-अधिकाऱ्याने १९५० मध्ये सैनिकाच्या ओझ्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. चालताना ओझं शरीराच्या वजनाच्या एक-तृतीयांशाहून जास्त नको, हा नियम त्यात ठासून सांगितला आहे. त्याहून महत्त्वाचं निरीक्षण असं की सामान हलकं झालं की वरचे लोक त्यात आणखी काहीतरी घालतात. वाचलेलं वजन जवानाच्या पाठीला मिळतच नाही. ही खोगीरभरतीच, फक्त नायलॉनमधली.

आता खरेदी. निवृत्त झालेल्यांनी हा भाग नीट वाचावा. गुडघे आता सरकारी नाहीत.

एका दिवसाला २० ते २५ लिटरची पिशवी पुष्कळ झाली. त्याहून मोठी घेतली तर मोकळी जागा आपण भरतोच. हिशोब करा: पाणी २ लिटर म्हणजे २ किलो, गरम जाकीट ४०० ग्रॅम, पावसाळी जाकीट ३००, खाणं ५००, टॉर्च-प्रथमोपचार-टोपी-हातमोजे ५००. एकूण ३ किलो ७०० ग्रॅम. रिकामी पिशवी ६०० ग्रॅमची असेल तर सव्वाचार किलोच्या थोडं वर. दीड किलोची असेल तर पाच किलो पार. मधले ९०० ग्रॅम म्हणजे जवळजवळ एक लिटर पाणी. दुकानात जाताना हेच डोक्यात ठेवा: रिकाम्या पिशवीचं वजन हे तुमच्याच पाण्याच्या हिश्शातून जातं.

'वॉटरप्रूफ' या लेबलवर मोहून जाऊ नका. कापडावर मिलिमीटरमध्ये आकडा असतो, १५००, ३००० वगैरे. तेवढ्या उंचीचं पाणी वर उभं राहिलं तरी कापड दाद देत नाही, असा त्याचा अर्थ. पण पाणी कापडातून कमीच येतं. ते शिवणीतून आणि चेनमधून येतं. आतल्या शिवणीवर टेप आहे का बघा. तोंड गुंडाळून बंद होणारं असेल तर चेनपेक्षा बरं. वरून घालायचं रेनकव्हर धारेवरच्या वाऱ्यात फुगतं, उडतं, आणि पाठीकडून येणारं पाणी त्याने थांबत नाही. आतून लावलेला पॉलियुरेथेनचा थर आपल्या दमट हवेत काही वर्षांनी चिकट होऊन सोलतो. कोकणातल्या कपाटात ठेवलेल्या सॅकला येणारा वास त्याचाच. पिशवी वाळवूनच ठेवा.

आणि सर्वांत स्वस्त उपाय: आत जाड प्लास्टिकची एक मोठी पिशवी, तोंड पिळून दुमडलेलं. गरम कपडे त्यात. बाहेरची पिशवी फाटली तरी स्वेटर कोरडं राहतं. डोंगरावर एवढी एकच गोष्ट काहीही झालं तरी कोरडी राहायला हवी.

विकत घेतल्यावर डोंगरावर न्यायच्या आधी अंगणात परीक्षा घ्या. पिशवीत जुनी वर्तमानपत्रं चुरगळून भरा, बंद करा आणि दहा मिनिटं वरून पाणी ओता. मग उघडून कागद बघा. कुठे ओला झाला ते तो सांगेल. पाठीवर घेऊन जिनाही चढून बघा. पट्टा खांद्यात रुतत नाही ना, छातीची पट्टी श्वास अडवत नाही ना, हे दुकानातल्या आरशापेक्षा जिना चांगलं सांगतो.

शेवटी फेरीहून परतल्यावर सामान जमिनीवर मांडा आणि जे वापरलं नाही ते वेगळं काढा. प्रथमोपचार, टॉर्च आणि सुकं स्वेटर न वापरताही पिशवीत परत जाईल. बाकी सगळ्याला जाब विचारा. ज्याला उत्तर देता येत नाही ते बुणग्यांत जमा.

जय हिंद.