भट्टीत गेलेलं प्लास्टिक रिसायकल झालं का?

महाराष्ट्रातल्या प्लास्टिकबंदीचा इतिहास आपण बहुतेक वेळा २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या पुरापासून सांगतो. पिशव्यांनी नाले तुंबले, पुढे ५० मायक्रॉनची अट आली आणि २३ मार्च २०१८ ला व्यापक बंदी. पण चंद्रपुरातून पाहिलं तर प्रश्न वेगळा दिसतो.

कोरपना तालुक्यात चुनखडी आहे, म्हणून आवारपूर, गडचांदूरला सिमेंट कारखाने आहेत. रिसायकल न होणारं प्लास्टिक सिमेंटच्या भट्टीत जाळायची वाट केंद्रीय नियमांनी अधिकृत केली. बाटलीला भंगारवाला भाव देतो; वेफर्सचं बहुपदरी पाकीट कुणी उचलत नाही. त्याच्यापुढे उरतात डेपो किंवा भट्टी. भट्टीत कोळसा वाचतो, हे खरं. पण प्लास्टिक परत येत नाही, वर्तुळ तिथंच तुटतं. म्हणूनच उत्पादकांच्या जबाबदारीबद्दलच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत रिसायकलिंग आणि अंतिम विल्हेवाट हे वेगळे रकाने आहेत.

तेव्हा अहवालात ‘प्रक्रिया केलेला कचरा’ असं दिसलं की थांबा. वर्ष बघा, व्याख्या बघा. नाहीतर जाळलेला टन आपण फिरवलेला टन म्हणून मोजू, आणि अख्खा प्रबंध त्यावर उभा राहील.