रिलेशनल डेटाबेस : भूमी अभिलेखांतील वापर

परस्परांशी जोडलेल्या तक्त्यांत माहिती साठवणारी संगणकीय व्यवस्था. एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना १९७० साली तिचे प्रारूप मांडले. एसक्यूएल भाषाही पुढे तिथेच घडली. महाराष्ट्रात सर्वसामान्यांचा या व्यवस्थेशी संबंध येतो तो बहुधा सातबाऱ्यापुरता (पहा : सातबारा उतारा).

कोरेगाव तालुक्यातील (जि. सातारा) जमिनीचा उतारा काढताना जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक चारही द्यावे लागतात, नुसता गट क्रमांक पुरत नाही, कारण तोच क्रमांक गावोगाव आढळतो. उताऱ्यावरील चुकलेले नाव तलाठी लगेच का बदलत नाही, हा नेहमीचा प्रश्न. मूळ नोंद खोडण्याची मुभा त्याला नसते. फेरफार घातला जातो, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीची मुदत संपल्यावर मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो आणि मगच उताऱ्यावर अंमल येतो (पहा : फेरफार नोंदवही). लेखनप्रमादाची दुरुस्ती महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली होते. एकूण क्षेत्र व खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज जुळत नसेल, तर दोष संगणकाचाच असे नाही. जुन्या हस्तलिखित नोंदीतली तफावतही तशीच उतरते.

अशा डेटाबेसच्या प्रशासनात वापरकर्त्यांचे अधिकार व बॅकअप हे मुख्य विषय. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून ऑनलाइन मिळतो.