सिनेमाच्या गप्पा पुरावा कधी होतात?
सिनेमा बघून आल्यावर मारलेल्या गप्पा इतिहासात सापडतात का? थोड्याफार सापडतात. १९३५ साली मुंबईत सुरू झालेलं ‘फिल्मइंडिया’ मासिक घ्या. वाचक पत्रं पाठवायचे, संपादक बाबूराव पटेल खोचक उत्तरं द्यायचे. वाचताना वाटतं, तेव्हाचा प्रेक्षकच बोलतोय! पण थांबा. मासिक इंग्रजीत होतं, आणि कोणतं पत्र छापायचं ते संपादकाच्या हातात. स्वस्तातलं तिकीट काढून शिट्ट्या मारणारा, इंग्रजी न येणारा प्रेक्षक इथे जवळपास नाहीच. विज्ञानात आपण याला सॅम्पलिंग बायस म्हणतो. म्हणून पत्रं बाद करायची नाहीत. फक्त ‘प्रेक्षकांना वाटत होतं’ याऐवजी ‘या वाचकांना वाटत होतं’ असं लिहायचं. तेवढाच दावा प्रबंधात टिकतो.