निजामशाही चित्रांतून पुसलेली राणी

प्रादेशिक शैली म्हणजे काय, हे नवेगाव बांधच्या श्रोत्यांना फार समजावून सांगावं लागत नाही. बाजारात दोन वाक्यं कानावर पडली की बोलणारा झाडीपट्टीतला की वऱ्हाडातला, हे आपण हेलावरून ओळखतो. उत्तर-मध्ययुगीन युरोपातली चित्रंही अभ्यासक अशीच ओळखतात. अडचण एवढीच, की चित्रकार एका जागी बसत नाहीत. लिंबुर्ख बंधू मूळचे नाइमेखेनचे, आजच्या नेदरलँड्समधले. १४११च्या सुमारास त्यांनी बेरीच्या ड्यूकसाठी प्रार्थनेची पोथी रंगवायला घेतली ती फ्रान्समध्ये. मग तिची शैली कुठली म्हणायची? पानांवर ड्यूकचे किल्ले दिसतात आणि त्यांच्या पायथ्याशी राबणारे शेतकरीही. हात परगावचा असला, तरी मुलूख चित्रात शिरतोच.

आपल्याकडे हाच प्रश्न अहमदनगरच्या एका पोथीबद्दल पडतो. आफताबी नावाच्या कवीनं हुसेन निजामशहाच्या स्तुतीसाठी लिहिलेलं ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हे फारसी काव्य. त्याची सचित्र प्रत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. बारा चित्रं उरली आहेत. उंचावर सरकवलेलं क्षितिज आणि सोनेरी आकाश पाहिलं की आपण सहज म्हणू, हे तर इराणी! पण बायकांकडे पाहा. अंगात चोळी, नेसूचं लुगडं, लांब वेण्यांना गोंडे. एका चित्रात तर सुंदर स्त्रीच्या स्पर्शानं झाड फुलतं. ही ‘दोहद’ कल्पना आपल्या संस्कृत काव्यातली, फारसी दरबारातली नव्हे. चौकट बाहेरून आली, पण आतला संसार दख्खनचा, असं आमचं मत आहे. ‘इराणी की हिंदी’ असा वाद घालण्यात म्हणूनच फारसा अर्थ नाही.

आता राणीविषयी. जानेवारी १५६५मध्ये तालिकोटची लढाई झाली. तीही या पोथीत रंगवली आहे. त्याच वर्षी हुसेन वारला. मुलगा मुर्तजा लहान, म्हणून कारभार खुंजा हुमायूँ या राणीनं हाती घेतला. पोथीत ती राजाच्या शेजारी, त्याच्याइतक्याच मानानं बसवलेली होती, आणि मुसलमानी दरबारी चित्रांत असं क्वचितच दिसतं. ‘होती’ म्हणायचं कारण, बहुतेक चित्रांतून तिची आकृती नंतर पुसून टाकली आहे. १५६९मध्ये मुर्तजानं आईला कैद केलं. पुसापुशीचा संबंध अभ्यासक त्या घटनेशी जोडतात.

गंमत अशी, की पोथीचा काळ ठरवायला आपल्याला आधार मिळतो तो तिचाच. राणीला एवढा मान देणारं पुस्तक तिच्या हाती सत्ता असतानाच, म्हणजे १५६५ ते १५६९ या चार वर्षांतच, तयार झालं असणार. पुढे मोगलांविरुद्ध अहमदनगरचा किल्ला लढवणारी चांदबिबी ही याच खुंजा हुमायूँची मुलगी.